कोंढाणा ‘सर केला’ की ‘परत घेतला’?

प्रश्न (नांदेड): मुलांच्या वह्या तपासताना दोन्ही प्रयोग आढळतात, आणि ‘वापस घेतला’ हा आपल्याकडचा प्रयोगही असतो. १६७० च्या प्रसंगासाठी योग्य कोणता?

उत्तर (परभणी): ‘परत घेतला’ अधिक अचूक आहे, कारण १६६५ च्या पुरंदरच्या तहाने मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कोंढाणा होता, ‘सर करणे’ यातून पूर्वीची मालकी कळत नाही. ‘वापस’ बोलण्यात शोभतो, तो चूक ठरवू नये. परीक्षेत ‘परत’ लिहावे.

उत्तर (उदगीर): आमच्या गावच्या १७६० च्या लढाईनंतर निजामाने दौलताबाद मराठ्यांना तहात दिला. तिथे मात्र ‘परत घेतला’ मुळीच लिहू नये. तो यादवांचा होता हे खरे, पण मराठ्यांच्या राज्यातून गेलेला नव्हता; ‘मिळाला’ एवढेच पुरेसे आहे.