मदत हवी: सांध्यातला नायट्रिक ऑक्साइड नेमका कुठल्या पेशींचा?

पणजीत एमएस्सीचा प्रकल्प चाललाय. फ्रॉइंड्स अ‍ॅडज्युव्हंटने (प्रतिकारशक्ती भडकवणारं मिश्रण) संधिवात घडवलेल्या रॅटच्या पोटातल्या मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या प्रतिकार-पेशी) ग्रीस चाचणीत नायट्राइट, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडची खूण, वाढलेलं दिसतं; आयएनओएस (नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम) रोखणारं १४००डब्ल्यू दिल्यावर उतरतं. (पेशी वाढवायच्या आरपीएमआय द्रवात मुळातच नायट्रेट असतं, म्हणून नायट्रेट मोजलं नाही.) पण पोटावरून घोट्याच्या सांध्याबद्दल काय बोलणार? कूर्चेच्या पेशीही आयएनओएस बनवतात.

नवे प्राणी मिळणार नाहीत. ईडीटीएने कॅल्शियम काढलेले घोट्याचे पॅराफिन ब्लॉक तेवढे आहेत. आयएनओएस आणि ईडी१ (मॅक्रोफेजची खूण) असं दुहेरी स्टेनिंग करायचंय, पण अँटिजन रिट्रीव्हलसाठी (झाकली गेलेली प्रथिनं अँटिबॉडीला पुन्हा सापडावीत म्हणून) उकळलं की हाडाचे सेक्शन (पातळ काप) स्लाइडवरून सुटतात. काप चिकटून राहावेत म्हणून पॉली-लायसिनचा लेप दिलेल्या स्लाइडवरही तेच.

कमी तापमानाला रात्रभर सायट्रेट बफरमध्ये ठेवून हे रिट्रीव्हल कुणी केलंय का? किती तापमान, किती पीएच, आणि दोन्ही अँटिबॉडी त्यानंतर नीट लागतात का?