क्षयरुग्णाने गोळी घेतली की नाही, हे मोजायचे कशाने?

प्रश्न – समाजकार्याची विद्यार्थिनी, गोवंडी
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी क्षयरुग्णांच्या औषधसेवनातील नियमितपणाचा अभ्यास करीत आहे. रुग्णाला विचारणे, उरलेल्या गोळ्या मोजणे आणि पाकिटातील क्रमांकावर त्याने दिलेल्या मिस्ड कॉलची नोंद पाहणे, असे तीन मार्ग माझ्यासमोर आहेत. तिन्हींची उत्तरे जुळली नाहीत, तर कोणते ग्राह्य धरावे?

निवृत्त पर्यवेक्षक, शिवडी
मिस्ड कॉलवरून एवढेच कळते की कोणीतरी गोळी बाहेर काढली, तिच्यामागे दडलेला क्रमांक पाहिला आणि फोन लावला. घरातला एकमेव फोन नवरा पाळीवर घेऊन जात असेल, तर रोज गोळी घेणारी बाईही नोंदीत अनियमित ठरते. गणपतीला गावी गेलेल्यांचेही तेच. म्हणून नोंदीतील प्रत्येक खंडाचे कारण रुग्णाकडून समजून घ्यावे; मात्र ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘हो’ म्हणण्यावाचून दुसरे उत्तर उरत नाही. ‘गेल्या चार दिवसांत कोणत्या दिवशी राहिली?’ असे विचारावे.

डॉक्टर, दादर
पडताळणीसाठी लघवीतील आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधाची तपासणी उपयोगी पडते, पण ती मागच्या एक-दोन दिवसांपुरतेच सांगते. रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधामुळे लघवीला येणारा नारिंगी रंग तर त्याहून लवकर ओसरतो. दवाखान्यात येण्याच्या दिवशी आठवणीने गोळी घेणारे अनेक असतात, त्यामुळे ही तपासणी पूर्वसूचनेविना घरी जाऊन केली तरच तिला अर्थ आहे. अर्थात चाळीत बाटली घेऊन दाराशी उभे राहिल्यास शेजाऱ्यांना आजार कळतो. तेव्हा नैतिक समितीची मान्यता आणि रुग्णाची संमती आधीच घ्या.

संख्याशास्त्राचा शिक्षक, मुलुंड
साधन कोणतेही वापरा, केवळ टक्केवारी देऊ नका. सहा महिन्यांच्या नेहमीच्या उपचारात 168 मात्रा असतात. त्यांतील 25 सुटल्या, तरी सेवन 85 टक्के दिसते. पण त्या अधूनमधून सुटल्या की सलग, आणि सलग असल्यास पहिल्या दोन महिन्यांत की नंतर, हे त्या आकड्यातून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार सलग दोन महिने उपचार तुटला तरच रुग्ण ‘पाठपुराव्यातून सुटला’ असे धरतात, त्यामुळे पंचवीस दिवसांचा खंड अंतिम निष्पत्तीतही उमटत नाही. प्रत्येक रुग्णाचा सर्वांत लांब खंड आणि तो कोणत्या आठवड्यात पडला, हे दोन रकाने वेगळे ठेवा.