पत्र्याच्या खोलीत गेमिंग पीसी लई तापायलाय, लिक्विड कूलर घ्यावा का? सल्ला द्या

परभणीचा_गडी
मंडळी, मदत पाहिजे. प्रोसेसर रायझन 5 5600 आहे, त्याच्यासोबत आलेल्याच कूलरवर, आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड आणि समोरून पूर्ण काच असलेला कॅबिनेट. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रे, आणि मे महिन्यातलं परभणीचं ऊन तुम्हाला सांगायची गरज नाही. दुपारी गेम लावला की अर्ध्या तासात प्रोसेसर 88-89 अंशाला जातो, कार्ड 83-84, मग एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडायलेत. रात्री उशिरा तोच गेम मस्त चालतो. दुकानदार म्हणतो प्रोसेसर पाण्यानं थंड करणारा लिक्विड कूलर टाक. टाकू का? एसी नाही, डेझर्ट कूलर आहे.

बालाघाट_गेमर
साइड पॅनल काढ आणि टेबल फॅन लाव, विषय संपला.

लातूरकर_७७
भाऊ, पैसे लगेच घालू नको. लिक्विड असो का साधा, कुठलाच असा कूलर पार्ट खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पत्र्याखाली हवाच 40-42 असली तर तिथून पुढंच मोजायचं, रात्री चालतो त्याचं कारण हेच. आणि लिक्विड टाकला तरी कार्डाची उष्णता तशीच राहणार, 3060 एकटं 170 वॅटपर्यंत खातं, प्रोसेसर त्याच्या निम्माही नाही.

वर सांगितलंय ते पॅनल काढणं कायमचं नको, आपल्याकडं धूळ किती उडती, पण तपासायला एकदम बरोबर. पॅनल काढून तोच गेम, त्याच वेळेला खेळ आणि एचडब्ल्यूइन्फो या टेम्परेचर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे आकडे बघ. टेम्परेचर चांगलं उतरलं तर कॅबिनेटमधे हवा खेळत नाही, उतरलंच नाही तर प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळलीय नाहीतर कूलर नीट बसलेला नाही.

तोवर फुकटातलं करून घे. मॉनिटर 60 हर्ट्झचा असंल तर एफपीएस 60 ला लॉक कर, कार्ड उगाच 110 फ्रेम काढत बसतं आणि दिसत तर नाहीतच. मग एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधे कार्ड अंडरव्होल्ट कर, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालव, 3060 साठी 1800 मेगाहर्ट्झ 875 मिलिव्होल्टपासून सुरू कर, गेम क्रॅश झाला तर व्होल्टेज थोडं वाढव. ते किचकट वाटलं तर नुसती पॉवर लिमिट 80 टक्के ठेव, खेळताना फरक कळणार पण नाही.

गोदाकाठ
डेझर्ट कूलरबद्दल सांगतो कारण इथं बरेच जण चुकतात. त्याचं तोंड कॅबिनेटकडं अजिबात करू नका. आमच्याकडं नांदेडला बोअरचं पाणी खारं, कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो, तुषार आत गेले तर तेच बोर्डावर बसंल. कूलर खिडकीत बाहेरची हवा ओढंल असा लावा आणि समोरचं दार उघडं ठेवा, हवा निघून गेली नाही तर खोली नुसती दमट होती. उन्हाळ्यात हवा कोरडी असती म्हणून खोली खरंच उतरती, पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही.

परभणीचा_गडी
पॅनल काढून बघितलं, दुपारीच. प्रोसेसर 79, कार्ड 74! म्हणजे काचच आडवी आली का?

लातूरकर_७७
हो, काचच. समोर जाळी असलेला कॅबिनेट घे, समोर दोन पंखे आत ओढणारे आणि मागं एक बाहेर फेकणारा, एवढं बास. आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली की फटीतून धूळ कमी शिरती. पीसी जमिनीवर नको, टेबलाच्या बंद कप्प्यात तर नकोच, पॉवर सप्लाय खालून हवा ओढतो. एवढं करूनही प्रोसेसर 85 च्या वर राहिला तर प्रोसेसरवर बसणारा, पंख्याचा साधा टॉवर कूलर बघ, 5600 ला तेवढा पुरून उरतो. प्रोसेसरची मर्यादा 90 अंश आहे, तिथं पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, जळत नाही, त्यामुळं घाबरू नको.

परभणीचा_गडी
लई उपकार दादा. नवीन कॅबिनेटमधे हलवताना पेस्टपण बदलतो मग. जुनी पुसायची कशानं?

गोदाकाठ
आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलवर विचार, मिळतं. सुती कापडानं पुस, आधी कूलर हळू डावी-उजवीकडं फिरवत सैल कर, सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो. काढायच्या आधी पीसी थोडा चालवून गरम केला तर पेस्ट मऊ होती, मग बंद करून प्लग काढून काम कर. आणि धूळ उडवायला ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, सुसाट फिरू दिलं तर बेअरिंग जातं.