रिफर्बिश्ड स्टीम डेक घ्यावा का? (न्यू जर्सी, बजेट साधारण ४५० डॉलर)

पहाटवारा | १३ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

आम्ही एडिसनला राहतो. मुलगी आठ महिन्यांची आहे. ती रात्री साडेनऊला झोपली की मला रोज चाळीस-पन्नास मिनिटं मिळतात, आणि तीही सलग मिळतील याची खात्री नसते. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मी भरपूर गेम्स खेळायचे. तेव्हाचं स्टीम (वाल्व कंपनीचं ऑनलाइन गेम्सचं दुकान) खातं अजून आहे आणि त्यात सेलमध्ये घेतलेले साठेक गेम्स पडून आहेत. ऑफिसच्या लॅपटॉपवर त्यातलं काही चालवायचं नाही. वेगळा डेस्कटॉप घेतला तर तो बेसमेंटमध्ये ठेवावा लागेल आणि बाळाला वर सोडून मला खाली बसायचं नाही. म्हणून हँडहेल्डचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या मशीनचा, विचार चालू आहे; वाल्वचा स्टीम डेक हे तसंच एक मशीन.

माझ्यासमोरचे पर्याय (एलसीडी आणि ओलेड हे पडद्याचे प्रकार):

वाल्वकडून रिफर्बिश्ड एलसीडी, २५६ जीबी, ३१९ डॉलर.
वाल्वकडूनच रिफर्बिश्ड ओलेड, ५१२ जीबी, ४३९ डॉलर.
नवा कोरा ओलेड, ५१२ जीबी, ५४९ डॉलर.
शिवाय जवळच एक गृहस्थ त्यांचा ६४ जीबीचा एलसीडी डेक २२० डॉलरला विकतायत.

वापरलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू घरात आणायची नाही, हा माझ्या बाबांचा नियम. तो मनात इतका पक्का बसलाय की 'रिफर्बिश्ड' शब्द दिसला की हात मागे येतो. पण नव्या आणि रिफर्बिश्ड ओलेडमधले ११० डॉलर म्हणजे आमचा डायपरचा महिन्याभराचा खर्च आहे. ज्यांनी प्रत्यक्ष घेतलाय त्यांनी सांगा. आणखी एक, पुण्याचा आतेभाऊ म्हणतोय, दिवाळीला तू इकडे येताना माझ्यासाठीही एक आण. आणावा का?

---

निशाचर | १३ सप्टेंबर २०२५

ताई, ऑक्टोबर २०२३ मध्ये मी वाल्वकडून रिफर्बिश्ड एलसीडी घेतला, तो जवळजवळ रोज हातात असतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी बाबांच्या नियमाबद्दल. तो चुकीचा नाही, पण तो ज्या व्यवहारासाठी आहे तो व्यवहार हा नाही. 'रिफर्बिश्ड' या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. बनवणाऱ्या कंपनीने परत आलेलं मशीन स्वतः तपासलं, लागेल ते बदललं आणि नव्याइतकीच वॉरंटी देऊन विकलं, हा पहिला प्रकार. कुठल्यातरी दुकानाने जुनं मशीन घेऊन, पुसून, तीस-नव्वद दिवसांच्या हमीवर विकलं, हा दुसरा. आणि एखाद्याने जाहिरातीत नुसताच तो शब्द लिहिला, हा तिसरा. वाल्वने ऑगस्ट २०२३ पासून स्वतःचे रिफर्बिश्ड डेक विकायला घेतले, त्यांना नव्या डेकसारखीच एक वर्षाची वॉरंटी आहे. बाहेरून ओरखडे असू शकतात, हे ते आधीच सांगतात. माझ्या डेकच्या पाठीवर नखाएवढा एक ओरखडा होता. बाकी मला फरक सांगता आला नसता. मशीन मिळाल्यापासून १४ दिवसांत परत करता येतं, तेही लक्षात ठेवा.

आता तुमच्या चाळीस मिनिटांबद्दल, कारण माझ्या मते निर्णय तिथेच आहे. पॉवरचं बटण एकदा दाबलं की गेम जिथे आहे तिथेच गोठतो. बाळ रडलं, दाबलं बटण, ठेवला बाजूला. तासाने किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबलं की काही सेकंदांत त्याच क्षणी परत. विंडोजवर चालणाऱ्या हँडहेल्डमध्ये हे मला इतक्या भरवशाचं कधी मिळालं नाही. माझा मुलगा दीड वर्षाचा होईपर्यंत मी एल्डन रिंग असाच पाच-दहा मिनिटांच्या तुकड्यांत खेळलो आणि पूर्ण केला. टीव्हीपुढे बसून ते झालंच नसतं.

एलसीडी की ओलेड? मी आज घेतला तर ओलेड घेईन. दोन्हींत १६ जीबी रॅम आणि रिझोल्यूशनही तेच, १२८० बाय ८००, त्यामुळे गेम्सच्या वेगात मोठा फरक नाही. पण ओलेडची बॅटरी ५० वॉट-अवर आहे, एलसीडीची ४०. त्यात ओलेडची चिप ६ नॅनोमीटरची असल्याने वीजही कमी खाते. पडदा ७ ऐवजी ७.४ इंचांचा, ६० ऐवजी ९० हर्ट्झचा. वजन ६६९ ग्रॅमवरून ६४० वर आलंय. आकडा छोटा वाटतो, पण एका कुशीवर पडून खेळताना मनगटाला तो कळतो. आणि अंधाऱ्या खोलीत एलसीडीचा काळा रंग राखाडी दिसतो, ओलेडवर तो खरोखर काळा असतो. बाळ शेजारी झोपलं असताना हा फरक फार मोठा आहे.

त्या गृहस्थांचा २२० वाला नको. कारण खाली कुणी जाणकार लिहितीलच.

---

गनिमी कावा | १४ सप्टेंबर २०२५

निशाचर यांच्याशी सहमत, पण त्याआधीचा एक प्रश्न: ताई, तुम्ही खेळता काय?

डेकवर विंडोज नसतं. स्टीमओएस हे लिनक्स आहे आणि विंडोजचे गेम्स त्यावर प्रोटॉन नावाच्या थराच्या मदतीने चालतात. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम्स उत्तम चालतात. अडचण येते ती कडक अँटी-चीट (खेळातली फसवणूक पकडणारी यंत्रणा) असलेल्या ऑनलाइन गेम्सची. व्हॅलोरंट चालत नाही, फोर्टनाइट चालत नाही, अपेक्स लेजंड्सने ऑक्टोबर २०२४ अखेरीस लिनक्सचा प्रवेश बंद केला. तुमचे मित्रमैत्रिणी यातलंच काही खेळत असतील आणि त्यांच्यासोबत बसणं हाच हेतू असेल, तर नवा-जुना कुठलाच डेक घेऊ नका. मग आसुसचा विंडोजवाला हँडहेल्ड आरओजी अ‍ॅलाय किंवा साधा गेमिंग लॅपटॉप बघा.

स्टीमवर प्रत्येक गेमच्या पानावर डेकसाठीचा शेरा असतो: व्हेरिफाइड, प्लेएबल किंवा अनसपोर्टेड. पैसे भरण्याआधी तुमच्या साठ गेम्सपैकी जे खरंच खेळणार आहात त्यांचे शेरे बघून घ्या.

---

पहाटवारा | १४ सप्टेंबर २०२५

दोघांचेही मनापासून आभार. मी एकटीच खेळते. हेडिस, स्टारड्यू व्हॅली, जुने कथेचे गेम्स. काल रात्री यादी तपासली, मला हवे असलेले बारा गेम्स निवडले. त्यातले नऊ व्हेरिफाइड, तीन प्लेएबल. प्लेएबलवाल्या तिघांतही तक्रार बारीक अक्षरांची आहे, ती चालवून घेईन.

आता उरला प्रश्न २२० डॉलरवाल्याचा आणि आतेभावाचा.

---

सोल्डर | १५ सप्टेंबर २०२५

मी पुण्यात लॅपटॉप आणि कन्सोल दुरुस्तीचं काम करतो, तपकीर गल्लीत. अमेरिकेतून कुणीतरी आणलेले डेक आमच्याकडे येतात, त्यामुळे दोन्ही प्रश्नांवर लिहू शकतो.

खासगी माणसाकडून डेक घेणं वाईटच असतं असं नाही. पण तो बघून घ्यावा लागतो, आणि बघायचं काय ते बहुतेकांना माहीत नसतं. ताई, गेलातच तर हे करा. डेक डेस्कटॉप मोडमध्ये न्या आणि इन्फो सेंटर उघडून एनर्जीच्या पानावर जा. तिथे बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता, दोन्ही दिसतात. एलसीडीला मूळ ४० वॉट-अवर. आत्ताची ३२च्या खाली असेल तर मी घेणार नाही, कारण एलसीडीची बॅटरी चिकटवलेली असते आणि ती काढणं हे या मशीनमधलं सगळ्यात नकोसं काम आहे. मग सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या पानावर इनपुट तपासायची सोय आहे, तिथे दोन्ही स्टिक (अंगठ्याने फिरवायच्या दांड्या) सोडून द्या आणि ठिपका मध्यावर स्थिर राहतो का बघा. एखादा जड गेम वीस मिनिटं चालवून पंख्याचा आवाज ऐका. सुरुवातीच्या काही डेकमध्ये जो पंखा होता त्याची बारीक शिट्टी लागायची, शांत खोलीत ती त्रास देते. चार्जिंगची पिन हलवून बघा. आणि त्यांना त्यांचं खातं तुमच्यासमोर काढून मशीन फॅक्टरी रीसेट करायला सांगा.

६४ जीबीचं सांगायचं तर आतली साठवण एसएसडी नसून ईएमएमसी असते, हळू. ती काढून २२३० मापाची एसएसडी बसवता येते, काम सोपं आहे. मागचं झाकण आठ स्क्रूंचं. फक्त उघडण्याआधी मायक्रोएसडी कार्ड काढा. कार्ड आत ठेवून झाकण उचललं की कार्ड मधोमध तुटतं. असे दोन ग्राहक रडकुंडीला येऊन माझ्या काउंटरपाशी उभे राहिलेले मी पाहिलेत, एकाच्या कार्डात मुलाच्या बारशाचे फोटो होते.

म्हणजे २२० अधिक एसएसडी, अधिक कार्ड, अधिक तुमचा वेळ. हिशोब ३१९च्या जवळ जातो आणि वॉरंटी शून्य. नका घेऊ.

आता आतेभाऊ. भारतात वाल्व स्टीम डेक अधिकृतपणे विकत नाही. म्हणजे पुण्यात बिघडला तर वॉरंटी असूनही तो अमेरिकेच्या पत्त्यावरूनच पाठवावा लागेल, आणि ते ओझं तुमच्यावर येईल. सुटे भाग आयफिक्सिटकडे मिळतात, पण ते मागवून इथे पोचेपर्यंतचा खर्च आणि कस्टम्स धरा. भावाला हे आधी स्पष्ट सांगा. तरीही हवा असेल तर एवढ्यात आणून देऊ नका: त्याच्यासाठी घेतलेला डेक महिनाभर तुमच्याकडे वापरा, दोष असेल तर तो तिथेच निघू दे, मग आणा. बॅटरी १०० वॉट-अवरच्या आत आहे, विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नाही.

माझ्या भाच्याने विचारलं असतं तर मी त्याला इथे अधिकृत विकला जाणारा हँडहेल्ड घे म्हणालो असतो. सर्व्हिस सेंटरपर्यंत रिक्षाने जाता येतं, याला किंमत आहे.

---

निशाचर | १५ सप्टेंबर २०२५

सोल्डर, कार्डाबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. हे सगळ्यांनी वाचायला हवं.

ताई, वाल्वचे रिफर्बिश्ड ओलेड सतत उपलब्ध नसतात. साठा येतो आणि लवकर संपतो. दिसला की विचार करत बसू नका, विचार इथे झालेला आहे.

---

पहाटवारा | ४ ऑक्टोबर २०२५

उशिरा कळवते आहे, क्षमस्व. मुलीला ताप होता.

रिफर्बिश्ड ओलेड ५१२ घेतला. चार दिवस साठा नव्हता, पाचव्या दिवशी सकाळी दिसला. डाव्या ट्रॅकपॅडच्या खाली एक बारीक रेघ आहे, उजेडात तिरका धरला तरच दिसते. आल्या दिवशी सोल्डर यांनी लिहिलेलं सगळं केलं: एनर्जीच्या पानावर ५० पैकी ४९ वॉट-अवर, दोन्ही स्टिकचे ठिपके स्थिर, पंखा जवळजवळ ऐकू येत नाही. ओलेड असल्याने पूर्ण राखाडी चित्र लावून पडदाही तपासला, डाग नाही. परतीची मुदत संपत आली तरी परत करावासं काही सापडलं नाही. सेटिंग्जमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे, ती लावून ठेवली, कारण तो बहुतेक वेळ चार्जरलाच असतो.

तापाच्या त्या तीन रात्री मुलगी फक्त मांडीवर झोपत होती. एक हात तिच्या पाठीखाली, दुसऱ्या हाताने स्टारड्यूत पिकांना पाणी. ती हलली की बटण. एका रात्री मोजलं नाही, पण अकरा-बारा वेळा तरी थांबवला असेन आणि प्रत्येक वेळी तो होता तिथूनच सुरू झाला.

भावाला सोल्डर यांचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. त्याने दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाला. सोल्डर, तो पुण्यातच अधिकृत मिळणारा एखादा बघणार आहे, येत्या शनिवारी तुमच्या गल्लीत येऊन तुम्हाला भेटला तर चालेल का?

---

सोल्डर | ५ ऑक्टोबर २०२५

पाठवा. शनिवारी अकरानंतर दुकान उघडं असतं. लेकीला बरं वाटतंय ना आता?