बी ३०४ चं काम: आधी किचन की आधी बाथरूम? (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी ३०४
सगळ्यांना नमस्कार. फ्लॅटची किल्ली परवा मिळाली. आमचं पहिलंच घर, त्यामुळे तुम्हा सगळ्यांची मदत हवी आहे. हाताशी ६ लाख आहेत आणि वर कर्ज काढायचं नाही असं दोघांनी ठरवलंय. यादी अशी: मॉड्युलर किचन, हॉलला फॉल्स सीलिंग, सगळीकडे दोन बाय दोनच्या टाइल्स, वॉर्डरोब, रंग. हॉल मोठा दिसावा म्हणून किचनची मधली भिंत काढायचीय. बाथरूम जुनं आहे पण चालतंय, ते दोन वर्षांनी बघू. दसऱ्यानंतर सासूबाई कायमच्या राहायला येतायत, त्याआधी उरकायचंय. चांगला गवंडी, प्लंबर कुणाकडे असेल तर प्लीज नंबर द्या.

सी ४०१
अभिनंदन!! सुतार आमचा उत्तम आहे, पर्सनलला नंबर टाकते.

बी २०४
अभिनंदन गं. एक सांगते, राग मानू नकोस. तुमच्या बाथरूमच्या बरोब्बर खाली आमचं बाथरूम. आधीच्या मालकांना तीन पावसाळे सांगून थकले. (फोटो) हा आज सकाळचा. कोपऱ्यात पांढरा क्षार फुललाय, बोट लावलं की पोपडा हातात येतो. पावसाचं पाणी म्हणावं तर मे महिन्यातही थेंब पडत होते. गीझरच्या स्विचपर्यंत ओल आली म्हणून महिनाभर तो बंदच ठेवलाय, अंघोळीचं पाणी गॅसवर तापवते.

बी ३०४
काकू, आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. खूप वाईट वाटलं. हे सोसायटी करून देते की आम्ही करायचं?

सेक्रेटरी
आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या कॉमन पाइपांची गळती सोसायटीकडे. फ्लॅटच्या आतल्या बाथरूम, संडास, सिंकची गळती सभासदाकडे. आणि कुठलीही तोडफोड करण्याआधी कमिटीची लेखी परवानगी लागते, अर्ज उद्या ऑफिसात द्या. ठोकाठोकी दुपारी २ ते ४ बंद. वाळू, सिमेंट, राडारोडा लिफ्टने न्यायचा नाही.

ए १०२
मी संध्याकाळी वर जाऊन येतो. तोवर कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका.

ए १०२
आत्ताच ३०४ बघून आलो. सविस्तर लिहितो, कारण इथे निम्म्या घरांत आज ना उद्या हेच काम निघणार आहे.

बाथरूमच्या फरशीवर नाण्याने टकटक करून पाहिलं. नहाणीपासून दाराकडे हातभर पट्ट्यात पोकळ आवाज येतो. म्हणजे टाइल खालून सुटली आहे आणि पाणी कोब्यात शिरतंय. आपली इमारत १९९३ ची. त्या वेळी बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरायचे. एकदा त्यात पाणी मुरलं की ते तिथेच साठून राहतं आणि सावकाश खाली पाझरतं. वरून सांध्यात पांढरं सिमेंट भरून हे थांबत नाही. मी साइटवर ३० वर्षं काढली, वरवर भरून थांबलेलं एकही बाथरूम मला आठवत नाही.

दुसरं, नळाचा पाइप. गीझरखालचा जीआयचा, म्हणजे जुन्या लोखंडी पाइपाचा तुकडा खोलून पाहिला. (फोटो) पाइप अर्ध्या इंची आहे, पण आत गंज आणि क्षार इतका बसलाय की पेन्सिलसुद्धा जेमतेम जाते. शॉवरला प्रेशर नाही म्हणत होतीस ना, त्याचं कारण हे. नवे शॉवर लावून काही होणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: जे भिंतीच्या आणि फरशीच्या आत जाणार आहे ते आधी आणि चांगल्यातलं. फॉल्स सीलिंग तू पुढच्या वर्षी दोन दिवसांत करून घेशील. पाण्याचा पाइप पुढच्या वर्षी बदलायचा तर आज लावलेली टाइल फोडावी लागेल, म्हणजे त्याच कामाचे पैसे दोनदा. बाथरूम, सगळं प्लंबिंग आणि वायरिंग, एवढं आत्ता. ओटा आणि किचनच्या टाइल्स त्याच्या मागोमाग, कारण गवंडी आणि प्लंबर तेव्हा घरात असतीलच. हॉलची फरशी धड आहे, पॉलिश करून घे. वॉर्डरोब साधा चालेल.

सी ४०१
काकांचं शंभर टक्के खरं. आम्ही उलटं केलं होतं. आधी किचन केलं, ट्रॉल्या, टॉल युनिट सगळं. आठ महिन्यांनी सिंकमागचा जुना पाइप भिंतीतच फुटला. खालच्या दोन ट्रॉल्यांचं प्लाय फुगलं आणि मागच्या टाइल्स फोडाव्या लागल्या. तसल्या टाइल्स परत मिळाल्या नाहीत, अजून तिथे वेगळ्या रंगाचा चौकोन आहे. एक-दोन पेट्या जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवच. आणि सिंकखालच्या कपाटाला बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायच वापर.

बी ३०४
काका, मनापासून धन्यवाद. मग बाथरूम पहिलं. ती मधली भिंत मात्र काढता येईल ना?

ए १०२
भिंत साडेचार इंची विटेची आहे, पण तिच्या टोकाला कॉलम, म्हणजे इमारतीचा खांब आहे आणि वरून बीम जातो. ब्रेकर लावणाऱ्या मुलाला वीट कुठे संपते आणि कॉलम कुठे सुरू होतो हे कळेलच असं नाही. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला सिद्धीसाई इमारत पडली, १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या दुरुस्तीत खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. घर तुझं असलं तरी कॉलम सगळ्यांचा आहे. आपली इमारत तिशी ओलांडलेली, दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. त्या इंजिनिअरचं पत्र आण, मग कमिटी ठरवेल. माझं विचारशील तर ती भिंत राहू दे. फोडणीचा धूर हॉलभर होईल तो वेगळाच.

बी ३०४
ठीक आहे काका, भिंत राहू दे. वायरिंगचं काय सांगायचं इलेक्ट्रिशियनला?

ए १०२
दिव्यांना, पंख्यांना १.५ चौरस मिमीची वायर, मोठ्या प्लगांना २.५, गीझर आणि एसीला ४ ची. त्यांना प्रत्येकी वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवच, बाथरूममध्ये शॉक लागला तर तीच जीव वाचवते. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो बघ, एसी घेणार असाल तर वाढवून घ्यावा लागेल. आणि भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून पाइप, वायर टाकल्यावर, गिलावा मारायच्या आधी, प्रत्येक भिंतीला मोजायचा टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे फोटोफ्रेमचा खिळा ठोकताना उपयोग होतो.

डी ३०२
ताई, कोटेशन लमसम (सगळ्याचा एकच आकडा) घेऊ नका. प्रत्येक कामाचा चौरस फुटाचा दर, पाइपचा, वायरचा ब्रँड, सगळं लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्यानेच द्या. आणि ६ मधले ७०-८० हजार बाजूलाच ठेवा, फोडल्यावर काय निघेल सांगता येत नाही.

बी २०४
सासूबाईंचे गुडघे कसे आहेत गं? माझ्या आईसाठी आम्ही कमोडशेजारी धरायचा दांडा लावला. दारातला उंबरा कमी ठेवायला सांग आणि फरशी खरखरीत घे. आई चकचकीत टाइलवरच घसरली होती.

बी ३०४
गुडघे दुखतात काकू. दांड्याचं डोक्यातच आलं नव्हतं. लिहून घेतलं. यादी नव्याने करतेय, फॉल्स सीलिंग काढलं. रंग दिवाळीनंतर.

ए १०२
योग्य. पावसाळ्यात भिंती ओल्या असतात, त्यावर रंग दिला की फोड येतात.

(तीन आठवड्यांनी)

बी ३०४
काका, जुना कोबा पूर्ण काढला. स्लॅबमध्ये एके ठिकाणी सळई दिसत होती, इंजिनिअरने येऊन बघितली, गंज घासून दुरुस्ती करून दिली. नवीन सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपात प्रेशर भरून रात्रभर ठेवलं, प्रेशरचा काटा हलला नाही. वॉटरप्रूफिंग झालं. काल सकाळी नहाणीला बोळा लावून चार इंच पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. आज पाणी रेघेच्या अर्धा इंच खाली आहे. गवंडी म्हणतो, हवेने उडालं, टाइल्स लावून टाकू.

ए १०२
अजिबात नाही. पावसाळी हवेत एका दिवसात अर्धा इंच उडत नाही. २०४ वहिनी, छत बघा.

बी २०४
नहाणीच्या पाइपाभोवती ओला गोल दिसतोय. बाकी कोपरा कोरडा आहे.

ए १०२
म्हणजे फक्त नहाणीच्या ट्रॅपभोवतीचा सांधा राहिलाय. पाणी काढा, तेवढं खरवडून परत भरून घ्या, वाळू द्या आणि पुन्हा ४८ तास पाणी. गवंड्याला मी फोन करतो.

बी ३०४
हो काका. त्याची चार दिवसांची मजुरी वाढेल, ती बाजूला ठेवलेल्यातून देते. काकू, तुमचं छत पूर्ण वाळलं की त्याचा गिलावा आणि रंग आमच्याकडून. तोवर अंघोळीचं गरम पाणी रोज सकाळी आमच्याकडून घेऊन जा, आमचा गीझर आज किचनच्या बाजूला तात्पुरता लावलाय.

बी २०४
अगं, बादली घेऊन येते सातला.