मदत हवी आहे: दीड वाजेपर्यंत मऊ राहील आणि आंबणार नाही असा डबा

नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. मुलगी तिसरीत, मुलगा सहावीत. एसटी लवकर असते म्हणून डबा साडेआठलाच भरावा लागतो आणि जेवणाची सुट्टी होते दीडला. शाळा विनाअनुदानित, त्यामुळे पोषण आहाराची खिचडी नाही.

आपल्याकडचं जे जे चांगलं ते तव्यावरून थेट ताटात पडायचं, हीच अडचण आहे. घावणे, आंबोळ्या, भाकऱ्या. सासूबाई तर सरळ म्हणतात, "घावने गरमच खावचे, निवले की चामडा होतत." इंटरनेटवर डब्याच्या पाककृती शोधल्या तर ब्रोकोली, चीज आणि रंगीत सिमला मिरची. दारात शेवगा आणि केळी, घरात नाचणी-कुळीथ असताना हे विकत कशाला आणू?

नाचणीवर माझा जीव आहे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, म्हणजे दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण भाकरी दुपारपर्यंत कडक होते, आणि वर्गात कुणीतरी "काळी भाकरी" म्हटल्यापासून मुलगी ती तशीच परत आणते. नाचणीचे लाडू आवडीने खाते, पण रोज गोड नको वाटतं.

दुसरं दुखणं खोबऱ्याचं. पावसाळ्यात ओलं खोबरं घातलेली उसळ दुपारी वास मारते. खोबऱ्याशिवाय केली तर चिरंजीव म्हणतात, ही आपली उसळ नाहीच!

शाळेत डबा शाकाहारीच लागतो, अंडंही चालत नाही. नियम आहे, वाद नाही. पण मासे खाणाऱ्या पोरांना प्रथिनं उसळी-डाळींतूनच द्यायची म्हणजे त्यात वैविध्य हवं. मुलाला कुळथाची पिठी न्यायची असते, पण ती दप्तरात सांडते. शेवग्याच्या पाल्याची थालीपिठं मात्र दोघं खातात, तेवढीच माझी जमेची बाजू.

नाचणीचं तिखट आणि मऊ राहणारं काही सुचवा. खोबऱ्याचं काय करू तेही सांगा. गरम ठेवणारा डबा घ्या असं कृपया सुचवू नका, त्यात भाकरीला घाम सुटतो.

प्रतिसाद, खाडीपलीकडची:
ताई, डब्यासाठी घावण्यांचा नाद सोडा. नाचणीची उकड काढा. पाण्याला उकळी आली की मीठ, चमचाभर तेल, मग पीठ घालून झाकण ठेवा. दणदणीत वाफ आली की उतरवून, हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळा. निम्मं तांदळाचं पीठ घाला, रंगही उजळतो. लाटताना तीळ आणि ठेचा घातलात तर वेगळी भाजीही लागत नाही. भाकरी जाळीवर पूर्ण निवू द्या, मगच फडक्यात गुंडाळून डब्यात. साध्या डब्यातही गरम भरली तर घाम सुटणारच.
ओलं खोबरं पावसाळ्यात डब्यात नकोच. सुकं खोबरं किसून मंद आचेवर गुलाबी भाजा आणि वाटून उसळीला लावा. मुलाला फरक कळेल, पण खाईल. उसळीवर लिंबू पिळा, कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. मूग, मटकी, चवळी आलटूनपालटून करा. कुळथाची पिठी मात्र रात्रीच्या जेवणाला.

प्रतिसाद, माडाखालचा:
गरम खायचं तेच डब्यात भरून निवण्याची चिंता का करताय? जे निवल्यावरच छान लागतं ते द्या की. शाळा जूनमध्ये सुरू होते तेव्हा बरका फणस असतोच, त्याच्या रसाची सांदणं करा, तांदळाच्या रव्याच्या गोड इडल्याच त्या. पुढे तवशी, म्हणजे मोठी काकडी, आली की तिचं धोंडस, गूळ-रव्याचा केकच तो. आमच्याकडे धोंडस दुसऱ्या दिवशी पोरं भांडून संपवतात. गूळ निम्मा घातला तरी चालतो, आणि रोज थोडंच द्यायचंय, आठवड्यातून एकदा.

मूळ धागाकर्ती:
दोघांचेही आभार. उद्या उकडीची नाचणी करते, ठेचा घालूनच. माडाखालचे दादा, धोंडसाला तांदळाचा रवा जाड घेता की बारीक? आणि ओलं खोबरं त्यातही असतंच ना, ते वगळलं तर चालेल का?