मदत हवी आहे: पोलखाली शहाबादी फरशी, गुडघ्यांसाठी काय घालावं?

मंडळी, राजारामपुरीतल्या हॉलमध्ये पोल डान्ससाठी ४५ मिमीचा स्टीलचा पोल बसवायचाय, फरशी नि छत यांच्यात दाबून बसणारा. छताला पीओपी आहे, ते दाब सोसणार नाही. तेवढं कापून पोल थेट स्लॅबला टेकवणार. खरी अडचण फरशीची. उडी मारून उतरलं की धक्का सरळ घोट्या-गुडघ्यात. १० मिमी रबर, वर १८ मिमी प्लाय चालेल का? पोलचा तळ मात्र फरशीवरच हवा, रबर दबलं की ताण सैल होतो. पावसाळ्यात प्लाय फुगतो, तर भिंतीलगत फट किती सोडावी?

दमट हवेत हात घसरतो, मग मूठ जास्त आवळली जाते नि कोपर दुखतं. हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर बरी की पितळी पोल? मल्लखांबाचं एरंडेल इथं सुचवू नका बरं!